कुत्र्याला घरचं द्यायचंय? मग फोडणीच्या आधी काढून ठेवा

आमचा बंड्या जेवायच्या वेळी बरोब्बर बाबांच्या ताटाशी येऊन बसतो, काही मागत नाही नुसता बघतो, आणि बाबांचा हात आपोआप खाली जातो. कोरडी पोळी, भाकरी, साधा भात याने काही होत नाही हो, घोळ होतो तो पोळी रश्श्यात बुडवून दिली की.

कारण कांदा-लसूण. कच्चा असो, परतलेला असो नाहीतर मसाल्यातली पावडर, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि त्याच दिवशी कळत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, तोवर आपण काय दिलं होतं ते विसरलेलो असतो.

दुसरं म्हणजे द्राक्षं आणि शिऱ्यातले बेदाणे. किडनी जाऊ शकते, आणि किती चालतात याचा हिशोबच नाही, म्हणून एकही नको. यामागे टार्टारिक ॲसिड असावं असं आता मानतात आणि ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणजे चिंचगुळाची आमटी पण बाद. चॉकलेट नको हे सगळ्यांना माहितीये, पण शुगरफ्री च्युइंगम आणि काही पीनट बटरमधलं झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) तासाभरात कुत्र्याच्या रक्तातली साखर पाडतं, लेबल वाचा. शिजवलेली हाडं टोकदार तडकतात, रविवारची नळी प्लीज देऊ नका.

मी काय करते, कुकर लावतानाच एका डब्यात लाल भोपळा, गाजर आणि मॅरिनेट करायच्या आधी काढलेले बोनलेस चिकनचे चार तुकडे ठेवते, मीठ नाही हळद नाही काही नाही. गार झालं की थोडा भात घालून कुस्करायचं. दही चमचाभर चालतं, दुधाने वयाने मोठ्या झालेल्या कुत्र्यांना बऱ्याचदा जुलाब होतात. हे सगळं वरचं खाणं दिवसाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच. पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर व्हेटकडून चार्ट घ्या, नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम कमी पडतं.

चुकून काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, तेच अंगाशी येतं. काय, किती, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन, एवढं घेऊन लगेच व्हेटला फोन, लक्षणांची वाट बघत बसू नका.

बाबांसाठी आता ताटाशेजारी वेगळी वाटी असते, त्यात भोपळ्याच्या फोडी. हात खाली गेला तरी चालतो.