अडगळीचा खण, गळका नळ आणि अडकणारे दार

घरातील अडगळीचा मोठा भाग दुरुस्तीची वाट पाहत पडलेल्या वस्तूंचा असतो. मूठ निघालेला कुकर, पाते अडकलेला मिक्सर, एका बाजूचीच बिजागरी उरलेली पेटी, आणि स्वयंपाकघरातील तो एक खण, ज्यात खिळे, जुन्या किल्ल्या, रबरी रिंगा आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले प्लग एकत्र नांदत असतात. इंदूरच्या रामबागेतील जुना वाडा असो की सुदामानगरमधील बंगली, हा खण सगळीकडे सारखाच. म्हणून आवरायला बसताना ‘ठेवू की टाकू’ असे विचारण्याऐवजी ‘हे घरातल्या कोणत्या वस्तूचे आहे’ असे विचारावे.

खण जुन्या वर्तमानपत्रावर पूर्ण उपडा करावा. किल्ल्या घरातील प्रत्येक कुलपाला एकदा लावून पाहाव्यात आणि जिचे कुलूप सापडणार नाही ती निःशंकपणे काढून टाकावी. सैल पडलेली किंवा चिरलेली कुकरची रिंग जपून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. दुरुस्त करण्याजोग्या वस्तूला कोणता भाग हवा आहे ते लिहून चिठ्ठी बांधावी, म्हणजे सियागंजच्या बाजारात जाणे होईल तेव्हा यादी तयार असते. नमुन्याचा जुना भाग मात्र सोबत न्यावा, कारण दुकानदाराला वर्णनापेक्षा वस्तू लवकर कळते. पुढच्या दसऱ्यापर्यंत चिठ्ठी तशीच राहिली, तर ती वस्तू अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, द्यावी. संपलेले सेल आणि फुटके बल्ब मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत. कचरागाडीत त्यांच्यासाठी वेगळा कप्पा असतो. उरलेले स्क्रू आणि वायसर शेवेच्या रिकाम्या पारदर्शक डब्यात ठेवावेत. फराळाच्या स्टीलच्या डब्यात आत काय आहे हे दिसत नाही, आणि न दिसणारी वस्तू आपण पुन्हा विकत आणतो.

गळक्या नळाकडे दुर्लक्ष करण्याची सवय सर्वांत महागात पडते. सेकंदाला एक थेंब पडला, तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात, म्हणजे किमान चार लिटर पाणी. आणि इंदूरला येणारे नर्मदेचे पाणी तर सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून उपसून, चढावर चढवून आणलेले असते. पेचाचा जुना नळ दुरुस्त करण्यासाठी प्रथम टाकीचा कॉक बंद करावा, नळ उघडून पाइपातील पाणी जाऊ द्यावे आणि सिंकच्या भोकावर फडके ठेवावे, नाहीतर लहानसा स्क्रू नेमका तिथेच जातो. नळ अर्धा उघडा ठेवूनच पान्याने वरचा नट सोडवावा. नळ घट्ट बंद असताना नट फिरवला, तर वायसर आत दाबला जाऊन काम अडते. दांडा बाहेर आला की त्याच्या टोकाचा रबरी वायसर दिसेल. तो कडक झालेला किंवा मधोमध खाचलेला असेल, तर त्याच मापाचा, बहुधा अर्धा इंचीचा, नवा बसवावा.

पुष्कळदा इथेच फसगत होते. वायसर ज्यावर टेकतो ती नळाच्या आतील गोल कडा बोट फिरवून तपासावी. बोअरच्या जड पाण्याने तिथे पांढरा थर साचतो. तो व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने मऊ करून काढावा. कडेलाच खाच पडली असेल, तर नवा वायसर टिकणार नाही, आणि नळ बदलणेच शहाणपणाचे. अर्ध्या फेऱ्याहूनही कमी फिरणाऱ्या आधुनिक नळात रबरी वायसर नसून सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्यांचा आतला गट्टू सबंध बदलावा लागतो. नळ नवा बसवताना टेफ्लॉन टेप आट्यांकडे समोरून पाहत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळलेली टेप नळ पिळताना सुटत जाते.

पावसाळ्यात अडकणाऱ्या दारावर लगेच रंधा चालवू नये. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहावेत, कारण ते ढिले झाले की दार कलते आणि खाली घासते. भोक मोठे झाले असेल, तर गूल काढलेल्या काड्यापेटीच्या काड्या फेव्हिकॉल लावून त्यात ठोकाव्यात, वाळू द्याव्यात, आणि मग तोच स्क्रू पिळावा. स्क्रू पक्के असूनही दार घासत असेल, तर लाकूड ओलाव्याने फुगले आहे असे समजावे आणि घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती फिरवून पाऊस काढावा. माळव्याची काळी मातीही पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे काही घरांत चौकटच किंचित हलते. भिंतीतील तिरपी भेग दर वर्षी रुंदावत असेल, तर सुताराऐवजी इंजिनिअरला बोलवावे. एरवी दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावरही दार अडकत असेल, तरच रंधा घ्यावा आणि उघड्या पडलेल्या कडेला, विशेषतः दाराच्या तळाला, त्याच दिवशी रंगाचा हात द्यावा, कारण ओलावा तिथूनच आत शिरतो.