डेटाबेससाठी हेल्पर फंक्शने लिहिताना या चुका टाळा

पीएचपीमध्ये डेटाबेसमधून एखादी साधी नोंद आणायची म्हटली, तरी क्वेरी प्रिपेर करणे, व्हॅल्यू बाइंड करणे (क्वेरीतील मोकळ्या जागांशी जोडणे), क्वेरी चालवणे आणि निकाल उचलणे एवढे सोपस्कार करावे लागतात. त्यामुळे प्रकल्प जरा वाढला, की प्रत्येक जण हे सगळे एका हेल्पर फंक्शनमध्ये कोंबून मोकळा होतो. यात गैर काहीच नाही. मीही तेच करतो. मात्र हेल्परचे काम टायपिंगचे श्रम वाचवण्याचे आहे. कोणती नोंद बदलायची, किती बदलायच्या आणि क्वेरी फसली तर पुढे काय करायचे, हे निर्णय त्याने परस्पर घ्यायचे नाहीत. दुसऱ्यांचा कोड तपासताना ज्या चुका मला वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ या आगाऊपणातच असते.

रिकामी अट गुपचूप गाळणारे अपडेट

सर्वांत घातक चूक हीच असल्याने तिच्याविषयी सविस्तर लिहितो. अपडेटचा हेल्पर साधारणपणे तीन गोष्टी घेतो: टेबलाचे नाव, बदलायच्या व्हॅल्यूंचा ॲरे आणि अटींचा ॲरे. आत एक लूप असतो, जो अटींचा ॲरे फिरून व्हेअरचा, म्हणजे क्वेरीतील अटींच्या भागाचा, मजकूर जुळवतो. या लूपमध्ये 'व्हॅल्यू रिकामी असेल तर ही अट सोडून पुढे जा' अशी एक ओळ हमखास आढळते. ती येते शोध-फॉर्मच्या कोडमधून. तिथे ती योग्यच असते, कारण वापरकर्त्याने एखादा रकाना मोकळा ठेवला, तर त्या रकान्यावर गाळणी लावायची नसते. पुढे कोणीतरी 'लूप तयारच आहे' म्हणून तोच लूप अपडेट आणि डिलीटसाठी उचलतो, आणि शोधात सोय म्हणून असलेली ओळ तिथे मुळावर उठते.

एका सभासद-नोंदणीच्या प्रणालीत याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. प्रोफाइल बदलण्याच्या पानावर एक सभासद बराच वेळ थांबला, तेवढ्यात त्याचे सेशन संपले आणि नंतर त्याने नवा मोबाइल क्रमांक भरून फॉर्म पाठवला. सेशन संपल्यामुळे सभासद क्रमांकाच्या जागी नल, म्हणजे 'व्हॅल्यूच नाही' अशी खूण, आला, हेल्परने 'रिकामी अट' म्हणून तो गाळला, व्हेअर नावालाही उरला नाही, आणि टेबलातील प्रत्येक सभासदाचा मोबाइल क्रमांक त्या एका माणसाचा झाला. कुठेही त्रुटी दिसली नाही, लॉग कोरा राहिला आणि पडद्यावर 'माहिती जतन झाली' असा हिरवा संदेश झळकला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पासवर्ड बदलण्याचे संदेश आपल्याच फोनवर येत असल्याची तक्रार त्या सभासदाने केली, तेव्हा कुठे हे उघडकीस आले.

निस्तरताना खरी अडचण अशी होती, की रात्रीचा बॅकअप जसाच्या तसा परत टाकला असता, तर त्यानंतर झालेले सगळे खरे बदलही गेले असते. सुदैवाने सर्व्हरवर डेटातील प्रत्येक बदल टिपणारा बायनरी लॉग चालू होता आणि त्याचा प्रकार 'रो' होता, म्हणजे प्रत्येक नोंदीची बदलापूर्वीची आणि बदलानंतरची स्थिती त्यात लिहिलेली होती. तो लॉग वाचनीय स्वरूपात काढला, की कॉलमच्या नावांऐवजी फक्त क्रमांक दिसतात. त्यामुळे टेबलाची रचना शेजारी ठेवून मोबाइलचा कॉलम कितवा हे ओळखायचे, जुनी व्हॅल्यू उचलायची आणि तेवढाच एक कॉलम पूर्ववत करणारी अपडेट वाक्ये तयार करायची, असे ते काम होते. हे सगळे घडले ते एका ओळीची बचत करण्याच्या हौसेपायी.

याच्याच जोडीला पीएचपीचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. रिकामे आहे का हे तपासणाऱ्या 'एम्प्टी' या रचनेला शून्य हा आकडा तर रिकामा वाटतोच, पण '0' ही एका अक्षराची स्ट्रिंगसुद्धा रिकामीच वाटते. म्हणजे 'ज्यांची स्थिती शून्य आहे अशा नोंदी काढून टाक' ही आज्ञा अशा हेल्परमार्फत दिली, तर ती 'सगळ्या नोंदी काढून टाक' अशी होते. फॉर्ममधून आकडाही स्ट्रिंग म्हणूनच येतो, तेव्हा हा धोका केवळ पुस्तकी नाही.

माझी सवय अशी आहे, की अपडेट आणि डिलीटच्या हेल्परमध्ये अटींच्या ॲरेला डिफॉल्ट व्हॅल्यू कधीच द्यायची नाही, ॲरे रिकामा आला तर एक्सेप्शन फेकायचे (म्हणजे त्रुटी जाहीर करून काम तिथेच थांबवायचे), आणि अटीत नल आला तरीही एक्सेप्शनच फेकायचे. खरोखरच सगळे टेबल बदलायचे असेल, तर त्यासाठी लांबलचक नावाचे वेगळे फंक्शन ठेवावे, म्हणजे ते टाइप करताना माणूस एकदा थबकतो. एकच नोंद बदलणे अपेक्षित असेल, तिथे मी बदल ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे कमिट करेपर्यंत मागे घेता येईल असा, करतो आणि बदललेल्या नोंदींची संख्या एकाहून अधिक निघाली, तर रोलबॅक करून (बदल मागे घेऊन) आरडाओरडा करतो. इथे एक मेख आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसवर पीडीओचा, म्हणजे पीएचपीच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या थराचा, 'रोकाउंट' जुळलेल्या नव्हे, तर प्रत्यक्ष बदललेल्या नोंदी मोजतो. जुनी आणि नवी व्हॅल्यू सारखीच असेल, तर तो शून्य देतो आणि 'नोंद सापडली नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जुळलेल्या नोंदींची संख्या हवी असेल, तर कनेक्शन उघडतानाच 'फाउंड रोज'चा पर्याय चालू करावा लागतो.

मायएसक्यूएलमध्ये 'सेफ अपडेट्स' नावाची सोय आहे. ती चालू असताना की-कॉलमवर अट किंवा लिमिट नसलेले अपडेट आणि डिलीट सर्व्हरच नाकारतो. कमांड-लाइनवरील क्लायंटमध्ये याच पर्यायाचे दुसरे अधिकृत नाव 'आय ॲम अ डमी' असे आहे. ते नाव वाचून नवशिके हसतात आणि पर्याय बंदच ठेवतात. मी तो पीएचपीच्या कनेक्शनवरही सेशनपुरता लावतो.

चूक गिळून रिकामा ॲरे परत करणे

दुसरी लाडकी चूक म्हणजे हेल्परच्या आत सगळे काही ट्राय-कॅचमध्ये गुंडाळून कॅचमधून रिकामा ॲरे किंवा फॉल्स परत करणे. पीएचपी 8.0 येईपर्यंत पीडीओ मुळातच मुके होते: क्वेरी फसली तरी आपणहून विचारल्याशिवाय ते काही बोलत नसे. 2020 मध्ये आलेल्या 8.0 पासून ते एक्सेप्शन फेकू लागले आणि पुढच्या वर्षी 8.1 मध्ये मायएसक्यूएलशी बोलणाऱ्या मायएसक्यूएलआय या दुसऱ्या थरानेही तोच मार्ग धरला. भाषेने इतक्या वर्षांनी तोंड उघडले, तर हेल्पर लिहिणारे तिच्या तोंडावर हात ठेवतात, याचे मला नवल वाटते.

'नोंदी नाहीत' आणि 'क्वेरी चाललीच नाही' ही दोन पूर्णपणे वेगळी उत्तरे आहेत. समजा नवे खाते उघडण्यापूर्वी हा ईमेल आधीच नोंदवलेला आहे का, हे हेल्परला विचारले. कोणीतरी कॉलमचे नाव बदलल्यामुळे ती क्वेरी फसली, तर रिकामा ॲरे परत येतो आणि तुमचा कोड 'ईमेल नवा आहे' असे समजून खुशाल दुसरे खाते उघडतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे त्या कॉलमवर दुहेरी व्हॅल्यू रोखणारा युनिक इंडेक्सही नसतो. नसतोच, कारण 'तपासणी कोडमध्ये केली आहे'.

ज्या चुकीवर काही इलाज करता येणार आहे, तीच पकडावी. डेडलॉकचा (दोन ट्रान्झॅक्शने एकमेकांची वाट पाहत अडकल्याचा) 1213 हा क्रमांक आला, तर ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवता येते. दुहेरी नोंदीचा 1062 आला, तर वापरकर्त्याला समजेल असा संदेश देता येतो. बाकीची एक्सेप्शने सरळ वर जाऊ द्यावीत, सगळ्यात वर एकच हँडलर ठेवावा, त्याने तपशील लॉगमध्ये लिहावा आणि वापरकर्त्याला साधा दिलगिरीचा संदेश दाखवावा. क्वेरीचा मजकूर पडद्यावर छापणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

'हेल्पर वापरला म्हणजे सुरक्षित' हा समज

जुनी मायएसक्यूएल फंक्शने पीएचपी 5.5 मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि 2015 च्या शेवटी आलेल्या 7.0 मधून ती काढूनच टाकण्यात आली. तेव्हा अनेकांनी काय केले, तर त्याच नावांची फंक्शने स्वतः लिहिली, आत मायएसक्यूएलआय जोडले आणि जुना कोड तसाच पळवला. व्हेरिएबल थेट स्ट्रिंगमध्ये चिकटवून जुळवलेली क्वेरी हेल्परमधून गेली काय आणि थेट गेली काय, एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे व्हॅल्यूच्या आडून क्वेरीत आपले एसक्यूएल घुसवण्याच्या हल्ल्याला, ती सारखीच उघडी असते. हेल्परने क्वेरी आणि व्हॅल्यू अशा दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या पाहिजेत आणि वापरणाऱ्याने त्या खरोखरच वेगळ्या दिल्या पाहिजेत.

त्यातही ॲरेच्या कीजकडे, म्हणजे व्हॅल्यूंच्या नावांकडे, सर्रास कानाडोळा होतो. फॉर्ममधून आलेला अख्खा ॲरे इन्सर्टच्या हेल्परला दिला, की व्हॅल्यू प्लेसहोल्डरमधून (क्वेरीत व्हॅल्यूसाठी राखलेल्या जागांमधून) सुरक्षित जातात, पण कीज कॉलमची नावे म्हणून क्वेरीत जशाच्या तशा उतरतात आणि त्या कीज ब्राउझरकडून आलेल्या असतात. हा धोका कुठवर जाऊ शकतो, हे ड्रूपल 7 या वेबसाइट चालवण्याच्या पीएचपी प्रणालीने ऑक्टोबर 2014 मध्ये दाखवून दिले. 'इन' च्या, म्हणजे 'या यादीतील कोणतीही व्हॅल्यू' अशा अटीच्या, यादीसाठी एका प्लेसहोल्डरचे अनेक प्लेसहोल्डर करून देणारे एक हेल्पर फंक्शन त्याच्या डेटाबेस थरात होते, आणि ते नव्या प्लेसहोल्डरची नावे ॲरेच्या कीजवरून बनवत असे. कीमध्ये एसक्यूएल लिहून पाठवले, की ते क्वेरीचा भाग होत असे, आणि त्यासाठी लॉगिन करण्याचीही गरज नव्हती. 7.32 या आवृत्तीतील दुरुस्तीचे सार एवढेच होते, की फिरण्यापूर्वी ॲरेच्या कीज टाकून देऊन फक्त व्हॅल्यू घ्यायच्या. घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी ती दुरुस्ती बसवली नव्हती, त्यांनी आपली साइट फोडली गेली आहे असेच धरून चालावे, असा इशारा ड्रूपलच्या सुरक्षा गटाला द्यावा लागला. अनुभवी लोकांनी लिहिलेल्या आणि अनेकांनी तपासलेल्या हेल्परची ही गत होते, तर घाईघाईत लिहिलेल्या हेल्परबद्दल काय बोलावे?

तेव्हा कॉलमची नावे नेहमी कोडमध्ये लिहिलेल्या यादीशी ताडून घ्यावीत. 'इन' साठी ॲरे रिकामा आला, तर मायएसक्यूएल रिकाम्या कंसाला व्याकरणाची चूक ठरवते. अशा वेळी ती अटच गाळू नये, कारण मग आपण पुन्हा पहिल्याच चुकीपाशी येतो. रिकाम्या यादीत काहीच नसते, म्हणून निकालही रिकामा असावा आणि क्वेरी पाठवूच नये.

थोडक्यात आटोपणाऱ्या चुका

ऑर्डर बायमध्ये कॉलमचे नाव प्लेसहोल्डरमधून देऊ नये. ते साधी स्ट्रिंग म्हणून जाते, त्रुटी येत नाही आणि क्रमही लागत नाही.

लिमिटची संख्या एक्झिक्यूटच्या ॲरेमधून दिली, तर पीडीओ ती स्ट्रिंग मानते, आणि एम्युलेशन (व्हॅल्यू वेगळ्या न पाठवता पीडीओनेच क्वेरीत भरणे) चालू असल्यास अवतरणचिन्हांसह पाठवल्यामुळे क्वेरी फसते. एम्युलेशन बंद करावे किंवा प्रकार सांगून बाइंड करावे.

अटीत नल जाणूनबुजून हवा असेल, तर 'इज नल' असेच लिहावे लागते. नलशी बरोबरीची तुलना कधीही खरी ठरत नाही.

एकच व्हॅल्यू आणणारा 'फेचकॉलम' नोंद नसल्यास फॉल्स देतो आणि नोंदीत नल असल्यास नल देतो. दोन बरोबर-चिन्हांनी तपासणारे दोन्हींत आणि शून्यात गल्लत करतात.

कॅरेक्टर सेट कनेक्शनच्या डीएसएनमध्येच (जोडणीचा पत्ता सांगणाऱ्या स्ट्रिंगमध्येच) द्यावा आणि तो 'यूटीएफ8एमबी4' असावा.

लूपमधला हेल्पर

हेल्परमुळे क्वेरी एका ओळीत मावते आणि एका ओळीत मावणारी गोष्ट लूपमध्ये टाकायला हात कचरत नाही. शंभर ऑर्डरींची यादी एका क्वेरीने आणायची आणि मग प्रत्येक ऑर्डरीच्या ग्राहकाचे नाव हेल्परला विचारायचे, म्हणजे एकशे एक क्वेरी झाल्या. विकसकाच्या स्वतःच्या यंत्रावर डेटाबेस शेजारीच असल्यामुळे हे जाणवत नाही. डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर गेला, की प्रत्येक फेरीचा वेळ बेरजेला लागतो. दोन टेबलांतील माहिती एकाच क्वेरीत जोडून आणणारा जॉइन शिकायला जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ जॉइन टाळणारी कॅशे लिहिण्यात घालवणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. तेच लोक महिन्याभरात साखळी पद्धतीचा स्वतःचा क्वेरी बिल्डर लिहायला घेतात, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आधी साधे एसक्यूएल हाताने लिहिता आले पाहिजे. माझ्या हेल्परमध्ये सिलेक्टची क्वेरी मी आजही पूर्ण लिहूनच देतो.

ट्रान्झॅक्शन कोणाचे?

हेल्परच्या आत ट्रान्झॅक्शन सुरू करून आतच कमिट करण्याची पद्धत एकट्या हेल्परपुरती चालते, पण असे दोन हेल्पर एकाच कामात आले, की पहिल्याचे कमिट होऊन दुसरा फसतो आणि अर्धवट व्यवहार टेबलात राहतो. बाहेर ट्रान्झॅक्शन सुरू असेल, तर पीडीओ आतले दुसरे सुरू करू देत नाही आणि एक्सेप्शन फेकते. त्यावर चिडून ती तपासणी वळसा घालून टाळणारेही आहेत. ट्रान्झॅक्शनची हद्द ज्याला पूर्ण काम माहीत आहे त्या कोडने ठरवावी. हेल्परने आधीपासून सुरू असलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये निमूटपणे सामील व्हावे. नसेल तरच वर सांगितलेल्या संख्येच्या तपासणीसाठी स्वतःचे उघडावे, आणि संख्या चुकली तर स्वतःचे ट्रान्झॅक्शन स्वतः रोलबॅक करून, किंवा ते बाहेरचे असल्यास रोलबॅक बाहेरच्यावर सोपवून, एक्सेप्शन फेकावे. त्यात टेबल बनवणारे किंवा बदलणारे वाक्य मध्येच चालवले, तर मायएसक्यूएल तोवरचे सगळे आपोआप कमिट करते, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि काहीतरी बिनसले आहे असा संशय आला, तर हेल्परचा कोड डोळ्यांनी वाचत बसण्यापेक्षा सर्व्हरपर्यंत नेमके काय पोचले ते पाहावे. पीडीओचे 'डीबगडम्पपॅराम्स' एम्युलेशन चालू असताना पीएचपी 7.2 पासून प्रत्यक्ष पाठवलेली क्वेरीही दाखवते, आणि चाचणीच्या यंत्रावर मायएसक्यूएलचा जनरल लॉग काही मिनिटे चालू केला, तर प्रत्येक क्वेरी आली त्या क्रमाने त्यात उतरते. व्हेअर नसलेले अपडेट तिथे लगेच नजरेत भरते.