विजेच्या तारांजवळ आणि भूमिगत केबलजवळ काम करताना सुरक्षित कसे राहावे

घराचा मजला चढवताना, बोअरमधली मोटर वर काढताना किंवा नळजोडणीसाठी चर खोदताना विजेची तार जवळ असेल, तर आपण सहसा तारेकडे पाहून अंदाज बांधतो. माझ्या मते त्याआधी हातातली वस्तू मोजली पाहिजे. बांधकामाची सळई साधारणपणे 12 मीटर लांबीची मिळते आणि मोटरीबरोबर वर येणारा लोखंडी पाइप बहुधा 20 फुटांचा, म्हणजे सुमारे 6 मीटरचा असतो. याउलट शेतावरून जाणाऱ्या 11 हजार व्होल्टच्या उघड्या तारेची जमिनीपासूनची किमान उंची नियमानुसार 4.6 मीटर आणि रस्ता ओलांडणाऱ्या तारेची 6.1 मीटर असते. म्हणजे तार अगदी नियमात असली, तरी खाली उभा केलेला पाइप तिला टेकू शकतो.

म्हणून काम ठरवतानाच सर्वांत लांब वस्तू कोणती आणि ती उभी केल्यास किंवा कलंडल्यास कुठवर पोहोचेल, हे पाहावे. तारेची उंची खांबाजवळ जोखू नये, कारण दोन खांबांच्या मध्यावर तिला झोळ असतो आणि उन्हाळ्याच्या दुपारी तो आणखी वाढतो. उंची मोजण्यासाठी टेप, काठी किंवा शिडी वर नेऊ नये. नेमका आकडा हवा असल्यास वायरमनला बोलवावे. खांबांवरच्या लाईनपासून माणूस, अवजार आणि यंत्र किमान 3 मीटर दूर ठेवण्याचा दंडक स्वतःला घालून घ्यावा. टॉवरवरून जाणाऱ्या अतिउच्च दाबाच्या तारांना हे अंतर पुरत नाही, तिथे महापारेषणला, म्हणजे या मोठ्या वाहिन्या सांभाळणाऱ्या राज्याच्या वीज पारेषण कंपनीला विचारल्याशिवाय काम काढूच नये.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक तार चालू आहे असेच धरून चालावे. शेतीचा वीजपुरवठा बंद असण्याची वेळ असली, तरी शेजारून जाणारी गावठाणची वाहिनी चालू असू शकते. शिवाय चुकीच्या जोडणीमुळे एखाद्या जनरेटरची वीज उलट दिशेने तारेत येऊ शकते. पक्षी तारेवर निवांत बसतात, त्यावरूनही काही ठरवू नये. पक्षी एकाच तारेवर असतो आणि त्याचा जमिनीशी संबंध नसतो, आपले पाय मात्र जमिनीवर किंवा ओल्या स्लॅबवर असतात. या तारांना बहुधा कसलेही वेष्टन नसते, भोवतालची हवा हेच त्यांचे वेष्टन असते.

बांधकाम काढणाऱ्यांनी पाया खणण्यापूर्वीच वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. इमारत आणि तार यांच्यातील आडवे अंतर 11 हजार व्होल्टपर्यंत किमान 1.2 मीटर आणि त्यापुढे 33 हजार व्होल्टपर्यंत 2 मीटर असावे लागते. तार छतावरून जात असल्यास उभे अंतर लघुदाबासाठी, म्हणजे घरगुती पुरवठ्याच्या तारेसाठी 2.5 मीटर, तर 33 हजार व्होल्टपर्यंतच्या उच्चदाबासाठी 3.7 मीटर असावे लागते. ही अंतरे उभ्या इमारतीसाठी आहेत, स्लॅबच्या कडेला सळई फिरवणाऱ्या कामगारासाठी नाहीत, हे ठेकेदाराला बजावून सांगावे. तार हलवणे शक्य नसेल तर त्या दिवसापुरता पुरवठा बंद करण्याची मागणी करावी आणि लाईन बंद करून अर्थ केल्याचे, म्हणजे जमिनीशी जोडल्याचे, वायरमनने प्रत्यक्ष सांगितल्यावरच काम सुरू करावे. डीपीवर जाऊन स्वतः फ्यूज काढण्याचा उद्योग कोणीही करू नये.

प्रत्यक्ष काम चालू असताना एका माणसाला केवळ तारेवर लक्ष ठेवायला उभे करावे. त्याच्याकडे दुसरे काम देऊ नये, नाहीतर तोही घमेले उचलायला जातो. सळ्या आणि पाइप आडवे धरून न्यावेत, ॲल्युमिनियमची शिडी टाळावी आणि टिपरची ट्रॉली पूर्ण खाली आल्याशिवाय गाडी पुढे घेऊ नये.

खोदकामात धोका दिसत नसल्यामुळे कागदावरची तयारी अधिक लागते. भूमिगत केबल लघुदाबाची असेल तर सुमारे 0.75 मीटर, 11 हजार व्होल्टपर्यंत 0.9 मीटर आणि 33 हजारांपर्यंत 1.05 मीटर खोल असणे अपेक्षित आहे. परंतु रस्त्याची पातळी बदलली की ही खोलीही बदलते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. केबलचा मार्ग कंपनीकडून लेखी मागवावा. मार्च 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपवर खोदकामाची आगाऊ सूचनाही देता येते. मार्गाच्या आसपास जेसीबी न लावता हाताने चाचणीचा खड्डा घ्यावा आणि पहार किंवा टोकदार टिकाव न मारता फावड्याने माती थरथराने काढावी. मातीत वाळूचा थर, ओळीने मांडलेल्या विटा, फरशा किंवा सूचनेची पट्टी दिसली की तिथेच थांबावे. केबलला ओरखडा जरी गेला, तरी चिकटपट्टी लावून ती परस्पर बुजवू नये, कारण ओल शिरल्यावर तिथेच पुढे स्फोट होऊ शकतो.

एवढे करूनही यंत्र तारेला लागलेच, तर चालकाने आतच बसून राहावे आणि इतरांना दूर राहण्यास ओरडून सांगावे. आग लागली तरच यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशा बेताने, दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारावी आणि पाय एकमेकांपासून न सोडता घासत दूर जावे. तार जमिनीला लागलेल्या जागेपासून दूर जाताना विजेचा दाब कमी होत जातो. लांब टांग टाकली की दोन पायांखालच्या दाबात फरक पडतो आणि प्रवाह शरीरातून वाहतो. तुटून पडलेल्या तारेपासूनही किमान 10 मीटर दूर राहावे. ती शांत दिसली तरी उपकेंद्रातून पुरवठा पुन्हा सुरू होऊ शकतो. लगेच 1912 वर किंवा महावितरणच्या 1800-233-3435 या क्रमांकावर कळवावे.

धक्का बसलेल्या माणसाला पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावू नये. कोरड्या काठीने तार बाजूला करण्याचा उपाय उच्चदाबाच्या तारेला चालत नाही. पुरवठा बंद झाल्यावर 108 ला फोन करावा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब देणे रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावे. तो आपोआप शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण बाहेरून भाजल्याची खूण लहान असली तरी आतली इजा मोठी असू शकते आणि हृदयाचे ठोकेही तपासून घ्यावे लागतात.