एक्सपोर्ट तर केलं, पण वाचतंय कोण?

ऐरोली, पवई किंवा सीप्झमधल्या ऑफिसात रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात सेटअपची यादी हातात पडते: जावा_होम सेट करा, प्रॉक्सी घाला, पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) अमुक फोल्डर जोडा. ही सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामना सेटिंग पुरवणारी नावं आणि त्यांच्या व्हॅल्यू. कुठल्या फाइलमध्ये, हे त्यात बहुधा नसतं. शेजारचा सांगतो, ‘बॅशआरसीत टाक’. ही बॅशची सुरुवातीची फाइल, आणि बॅश म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, एक शेल. टाकलं की टर्मिनलमध्ये चालतं. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) किंवा एडिटरमधून मात्र तेच ‘कमांड नॉट फाउंड’. अशा वेळी ओळ बहुतेक बरोबर असते. ती फाइल वाचणारा शेलच तिथे सुरू झालेला नसतो.

(फायलींची नावं आणि कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना रोमन लिपी वापरायची. फायलींची नावं लहान अक्षरांत, आणि सुरुवातीचा टिंब विसरायचा नाही.)

प्रत्येक प्रोसेसजवळ, म्हणजे चालू प्रोग्रामजवळ, नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्यांची एक यादी असते, तेच तिचं एन्व्हायर्नमेंट. नवी प्रोसेस सुरू होताना तिला त्या यादीची प्रत मिळते. प्रतीत काहीही बदललं तरी मूळ प्रोसेसला पत्ता लागत नाही. म्हणूनच सेटअपची स्क्रिप्ट नुसती चालवली तर संपताच सगळं गायब होतं. ती ‘सोर्स’ करावी लागते, म्हणजे चालू शेल स्वतःच तिच्या ओळी वाचतो. आणि ‘एक्सपोर्ट’ न लावलेलं व्हेरिएबल शेलपुरतंच राहतं: छापणारा ‘इको’ दाखवतो, पायथनला दिसत नाही. त्यामुळे तपासणी इकोने करू नका, ‘प्रिंटएन्व्ह’ने करा. ‘=’च्या दोन्ही बाजूंना जागा सोडली तर शेल व्हेरिएबलच्या नावाला कमांड समजतो. अवतरणात लिहिलेला ‘~’ उलगडत नाही, तिथे दुहेरी अवतरणात $होम लिहा. जावा_होममध्ये जेडीकेचं (जावाच्या डेव्हलपमेंट किटचं) फोल्डर द्यायचं, त्यातलं ‘बिन’ नव्हे.

आता कोण काय वाचतं. लॉगिन शेल म्हणून, म्हणजे सहसा लॉगिन करताना, सुरू झालेला बॅश आधी ‘एटसी’मधली प्रोफाइल वाचतो, मग तुमच्या होममध्ये .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमाने शोधतो आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. उबुंटूवर मुळात .प्रोफाइल असते. एखाद्या इन्स्टॉलरने .बॅश_प्रोफाइल तयार केली की त्या दिवसापासून .प्रोफाइल मुकी होते, आणि कसलाही एरर येत नाही. लॉगिन नसलेला पण माणसाशी बोलणारा (इंटरॅक्टिव्ह) शेल, म्हणजे लिनक्सवर उघडलेली टर्मिनलची खिडकी, होममधल्या फायलींपैकी फक्त .बॅशआरसी वाचतो. उबुंटूच्या .बॅशआरसीत अगदी वरच ‘शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत जा’ अशी अट असते. एसएसएचने (दूरच्या मशीनशी जोडणाऱ्या सोयीने) सर्व्हरवर एकच कमांड पाठवली तर तिच्याखालची एकही ओळ चालत नाही.

यावरून सरळ वाटणी अशी: व्हेरिएबल .प्रोफाइलमध्ये, एलियस (कमांडची टोपणनावं) आणि प्रॉम्प्ट .बॅशआरसीत. .बॅश_प्रोफाइल असलीच तर तिच्यात बाकीच्या दोघींना सोर्स करणाऱ्या ओळी, बास. .प्रोफाइल बॅशऐवजी साधा ‘एसएच’ही वाचू शकतो, म्हणून तिथे दुहेरी चौकटी कंस किंवा अ‍ॅरे नकोत. बदल केल्यावर नुसती नवी खिडकी उघडून भागत नाही, लॉगआउट करून परत या. .बॅशआरसीत ‘नमस्कार’ छापणारा इको ठेवायचा मोह अनेकांना होतो. तो त्या अटीच्या वर पडला तर एससीपी आणि एसएफटीपी या फायली पाठवणाऱ्या कमांड बिघडतात, कारण त्यांना तिथे प्रोटोकॉलची अक्षरं हवी असतात.

मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून बॅशऐवजी झेडशेल येतो. .झेडशेएन्व्ह नेहमी वाचली जाते, .झेडप्रोफाइल लॉगिनला, .झेडशेआरसी इंटरॅक्टिव्ह असताना. मॅकचं टर्मिनल दर खिडकीला लॉगिन शेल उघडतं, म्हणून तिन्ही चालतात. पाथ मात्र .झेडशेएन्व्हमध्ये घालू नका: त्यानंतर सिस्टिमचा ‘पाथ_हेल्पर’ चालतो आणि तुमचं फोल्डर रांगेत मागे ढकलतो. .झेडप्रोफाइल बरी.

सगळ्यात जास्त घोळ पाथमध्ये होतात. शोध डावीकडून उजवीकडे, पहिला सापडला तो चालला. नवं फोल्डर आधी, मग अपूर्णविराम, मग $पाथ. हा शेवटचा तुकडा विसरलात तर ‘एलएस’सुद्धा चालणार नाही. घाबरू नका: त्याच खिडकीत पाथला ‘/यूएसआर/बिन:/बिन’ ही व्हॅल्यू द्या, एडिटर उघडा, ओळ सुधारा. सर्व्हरवर या फायलींना हात लावताना दुसरं एक सेशन उघडं ठेवणं ही सवयच हवी. दोन अपूर्णविराम लागून आले, किंवा शेवटी एक उरला, तर त्याचा अर्थ ‘चालू फोल्डर’ असा होतो. कुणाच्याही फोल्डरात ठेवलेली ‘एलएस’ नावाची स्क्रिप्ट मग तुमच्या नावावर चालू शकते. पाथ बरोबर असूनही जुनीच आवृत्ती चालत असेल तर बॅशने तिचा पत्ता लक्षात ठेवलेला असतो. ‘हॅश -आर’ने तो विसरायला लावा, आणि ‘टाइप -ए’ने सगळे उमेदवार बघा.

ऑफिसच्या प्रॉक्सीसाठी (बाहेरच्या वाहतुकीच्या मधल्या सर्व्हरसाठी) व्हेरिएबलची नावं लहान आणि मोठ्या, दोन्ही अक्षरांत ठेवा. वेबवरून फायली आणणारा कर्ल एचटीटीपी_प्रॉक्सी हे नाव फक्त लहान अक्षरांत मानतो. नो_प्रॉक्सीत लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ हवेतच, नाहीतर स्वतःच्याच मशीनवरचा सर्व्हर प्रॉक्सीमार्गे शोधला जाईल. पासवर्डमध्ये ‘@’ असेल तर %४० लिहा. सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने चालवणारी कमांड) लावला की ही व्हेरिएबल सहसा गळून पडतात, कारण सुडो मुद्दाम एन्व्हायर्नमेंट पुसतो.

क्रॉन यातली एकही फाइल वाचत नाही. त्याला साधा ‘एसएच’ आणि जेमतेम दोन फोल्डरांचा पाथ मिळतो. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलच्या) वरच्या ओळींत व्हेरिएबल देता येतात, पण तिथे $पाथ उलगडत नाही, पूर्ण व्हॅल्यू लिहावी लागते. कमांडमधला ‘%’ नवी ओळ समजला जातो. म्हणून तारखेच्या फॉरमॅटमधल्या प्रत्येक ‘%’च्या आधी उलटी तिरकी रेघ द्या. वेळेचं गणित वेगळंच. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर मुंबईचे सकाळचे नऊ म्हणजे तिथले पहाटे साडेतीन. उबुंटूच्या नेहमीच्या क्रॉनटॅबमध्ये टीझेड (टाइमझोनचं व्हेरिएबल) लिहिल्याने वेळापत्रक हलत नाही, फक्त चाललेल्या कामाला ते व्हेरिएबल मिळतं. आणि टीझेडची व्हॅल्यू ‘एशिया/कोलकाता’ अशी असते. ‘एशिया/मुंबई’ लिहिलंत तर लिनक्स तक्रार करत नाही, गुपचूप यूटीसीची वेळ दाखवतो. लॉगमधली वेळ साडेपाच तासांनी मागे दिसली की आधी हेच तपासा.

काहीच उलगडा होईना तर ‘बॅश -एलआयएक्ससी एक्झिट’ चालवा. लॉगिन शेल सुरू होताना कोणकोणत्या ओळी चालल्या ते सगळं पडद्यावर येतं. फाइल विंडोजच्या एडिटरमध्ये लिहिलेली असेल तर ओळींच्या शेवटी ‘\आर’ (विंडोजचं ओळ संपवणारं जादा चिन्ह) चिकटलेला दिसेल. ‘डॉस२युनिक्स’ने तो जातो.

पासवर्ड आणि टोकन स्टार्टअप फायलींत नकोत. कित्येक जण त्या फायली गिटवर (बदलांचा इतिहास जपणाऱ्या सोयीत) ठेवतात. वेगळी फाइल करा, तिला चमॉड ६०० द्या (म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल) आणि गरजेपुरती सोर्स करा. एक्सपोर्ट केलेलं टोकन त्या शेलमधून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मिळतं, हेही धरून चाला. आणि गिटवर गेलंच, तर ओळ पुसून उपयोग नाही, इतिहासात ते राहतं. टोकन रद्द करून नवं घ्यावं लागतं.