जोडकमाई आली की त्याच दिवशी कर्जात भरा

शिकवणी, शिवणकाम, जुन्या वस्तूंची विक्री अशी वरकमाई महिनाअखेरपर्यंत खात्यात पडून राहिली की ती घरखर्चात कधी मुरते ते कळतही नाही. म्हणून ती हातात येताच कर्जात भरा, रक्कम कितीही किरकोळ असो. क्रेडिट कार्डाचं व्याज सहसा रोजच्या थकबाकीवर लागतं, त्यामुळे लवकर भरलेले पैसे तेवढे दिवस व्याज वाचवतात.

कर्जं अनेक असतील तर सगळ्यांचे किमान हप्ते भरा आणि जादा रक्कम सर्वांत चढ्या दराच्या कर्जावर टाका. महिना 3 टक्के ऐकायला कमी वाटतं, पण चक्रवाढीनं ते वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं! मुदतकर्ज असेल तर आधी विचारून घ्या: ही रक्कम मुद्दलातून वजा होणार, की पुढचा हप्ता म्हणून धरली जाणार? मुदतपूर्व भरण्यावर शुल्क आहे का, हेही.

काटकसरीचंही तेच. टाळलेल्या खर्चाचे पैसे लगेच कर्जात वळवले नाहीत तर ते दुसरीकडे खर्च होतात. थोडी रक्कम मात्र अडीअडचणीसाठी बाजूला असू द्या, नाहीतर आजारपण आलं की पुन्हा उधारी.