लेडीज गेलिक फुटबॉल: प्रगत प्रात्यक्षिक शिबिराला जाण्याआधीची तयारी

आयर्लंडमध्ये मुलीला गेलिक फुटबॉलच्या, म्हणजे हात-पाय दोन्हींनी खेळायच्या इथल्या फुटबॉलच्या, सरावाला सोडायला म्हणून गेलो आणि बघता बघता शिट्टी आपल्याच गळ्यात आली, अशा आपल्यातल्या ज्या मैत्रिणी आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. प्रशिक्षकांच्या प्राथमिक कोर्समध्ये निम्मा वेळ ऐकण्यात जातो. पुढच्या पातळीच्या शिबिरात तुम्हाला मैदानावर उभं राहून सराव घ्यायचा असतो, आणि तो घेताना तुमच्याकडे कुणीतरी बारकाईने बघत असतं. म्हणून तयारी आदल्या रात्री बॅग भरण्यापुरती नको, किमान तीन आठवडे आधी सुरू करा.

कागदपत्रं पहिल्या दिवशीच उरका. गार्डा व्हेटिंग (आयरिश पोलिसांकडून होणारी पार्श्वभूमीची तपासणी) झालंय ना आणि सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं, प्रमाणपत्र चालू आहे ना, एवढं क्लबच्या सेक्रेटरीकडून तपासून घ्या. व्हेटिंगला वेळ लागतो, त्यामुळे ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

मग नियमपुस्तिका. १९७४ साली थर्ल्सच्या हेज हॉटेलात बायकांच्या गेलिक फुटबॉलची संघटना उभी राहिली, आणि या खेळाचे नियम तिचे स्वतःचे आहेत. पुरुषांचे सामने टीव्हीवर बघून झालेली समजूत इथे घात करते. आपला चेंडू चार नंबरचा, पुरुषांचा पाच. आपल्या मुली जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलू शकतात. पुरुषांना आधी पायाचा पंजा चेंडूखाली घालावा लागतो. टॅकलमध्ये, म्हणजे समोरचीकडून चेंडू काढून घेताना, हात चेंडूवर जायला हवा, अंगावर नाही. टॅकलचा भाग नियमपुस्तिकेच्या ताज्या प्रतीतून दोनदा वाचा, कारण शिबिरात सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच येतात आणि आपल्या चुकाही तिथेच उघड्या पडतात. वाचून भागणार नाही. घरच्या कुणालातरी चेंडू घेऊन समोर उभं करा. समोरची सोलो करताना, म्हणजे चेंडू पायावर टाकून परत हातात घेताना, चेंडू क्षणभर तिच्या हातातून सुटलेला असतो. त्या क्षणी जवळच्या हाताने, उघड्या पंजाने तो टिपून बघा. लांबचा हात घातलात की तुमचा खांदा आपोआप तिच्या अंगावर जातो. हे एकदा स्वतःच्या अंगाने कळलं की मुलींना चार शब्दांत सांगता येतं.

गुडघ्यांसाठी वेगळा वेळ काढा. दिशा बदलत धावण्याच्या खेळांत गुडघ्याच्या आतला एसीएल हा बंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. आमच्या चौदा वर्षांखालच्या संघातल्या एका मुलीने उंच उडी मारून सुरेख चेंडू पकडला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. शेजारी उभ्या असलेल्या एका आईने, ती फिजिओ आहे, माझा दंड धरून सांगितलं, ‘‘चेंडू नको, पाय बघ.’’ खाली येताना त्या मुलीचा उजवा गुडघा आत, डाव्या गुडघ्याकडे कलत होता. तेव्हापासून मी उडीनंतरचं उतरणं आधी बघते. शिबिराला जाण्याआधी जीएएचा, म्हणजे गेलिक खेळांच्या मुख्य संघटनेचा, जीएए फिफ्टीन हा पंधरा मिनिटांचा वॉर्मअप तुमच्या संघाकडून आठवड्यातून दोनदा करून घ्या आणि प्रत्येक व्यायाम स्वतः करा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतोय का, उतरताना आवाज कमी होतोय का, या दोन गोष्टींवर नजर बसली पाहिजे.

सराव घ्यायची वेळ येईल तेव्हा दहा ड्रिल्स पाठ करून जाण्यात अर्थ नाही. एकच छोटा खेळ घ्या, पण तो आतून बाहेरून माहीत असू द्या. मी चौघींविरुद्ध तिघींचा घेते, साधारण तीस बाय वीस मीटरच्या चौकोनात, हँडपासने, म्हणजे हाताने मारून पास देत, चेंडू राखायचा. मग वहीत लिहून काढा: जागा लहान केली तर काय होईल, फक्त कमजोर हाताने पास द्यायचा ठरवला तर, चेंडू दोन केले तर, पाचवी मुलगी आत आली तर. इथे प्रशिक्षक याला ‘स्टेप’ म्हणतात: स्पेस, टास्क, इक्विपमेंट, पीपल, म्हणजे जागा, काम, साधनं, माणसं. सगळं चोख चाललंय म्हणून खेळ तसाच चालू ठेवणं हा परीक्षकांना सगळ्यात आधी दिसणारा दोष, असं माझं मत.

बोलणं मोजा. माझ्या पहिल्या प्रात्यक्षिकात मी रिमझिम पावसात इतका वेळ समजावत राहिले की मुली बाह्यांत हात ओढून कुडकुडायला लागल्या. आता फोनवर तीस सेकंदांचा टायमर लावते. तेवढ्यात सांगून झालं नाही तर माझंच मला नीट कळलेलं नाही असं धरते.

एक संध्याकाळ २०१४ च्या ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंटी संघांच्या बायकांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्याला द्या. दुसऱ्या अर्धात डब्लिनपेक्षा दहा गुणांनी मागे पडलेल्या कॉर्कने तो एका गुणाने जिंकला. एमन रायन त्यांचे प्रशिक्षक. शेवटची वीस मिनिटं आवाज बंद करून बघा आणि कॉर्कच्या एकाच खेळाडूवर नजर ठेवा: चेंडू नसताना ती कुठे जाते, पहिला स्पर्श कसा होतो, पास कुठल्या हाताने देते. शिबिरात असं निरीक्षण सांगायला लावतात, तेव्हा शब्द सापडतात.

बॅग पटकन भरून होते. शिट्टी, घड्याळ, मैदानावर खुणेला ठेवायचे मार्कर, संघ ओळखायला वरून घालायचे दोन रंगांचे बिब, हवा भरायचा पंप आणि सुई. स्वतःचा गमशिल्ड (दात सांभाळणारं कवच) विसरू नका, कारण तुम्हालाही खेळवतात. दोन जोडी मोजे, पाण्याची बाटली, आणि गुंडाळलेली पोळी-भाजी, कारण दुपारच्या सँडविचवर चार तास धावणं जमत नाही. सॅनिटरी पॅडचं पाकीट कायमचं बॅगेत ठेवा. मागायला लाजणारी मुलगी मग सरावाला यायचंच टाळते.

शिबिर संपल्यावर गाडी लगेच सुरू करू नका. चिखलाचे बूट काढून तिथेच तीन ओळी लिहा: येत्या मंगळवारच्या सरावात नेमकं काय बदलायचं.