लेखक-कलाकार सप्ताहाचं मनोगत कसं लिहावं

शाळेतला लेखक-कलाकार सप्ताह संपला की मनोगत लिहायला सांगतात आणि निम्मा वर्ग 'खूप मजा आली' वर थांबतो. मी नववीत आहे. मला जमलेली पद्धत सांगते.

त्याच संध्याकाळी चार ओळी खरडून ठेवा. भाषणाचा विषय नंतरही कुणाला विचारता येतो, पण बोलणाऱ्याची लकब दुसऱ्या दिवशी पुसट होते. आमच्याकडे आलेल्या लेखिकाबाईंनी त्यांच्या हस्तलिखिताचं एक पान दाखवलं. पहिला परिच्छेद रेघा मारून अख्खा खोडलेला आणि समासात बारीक अक्षरात एकच वाक्य. पुस्तकात छापलं गेलं ते तेवढंच! मी सगळं मनोगत त्या एका पानावरच लिहिलं. कार्यक्रमांची यादी देऊ नका, ती सूचनाफलकावर असतेच.

नाटकाबद्दल लिहिताना 'अभिनय सुंदर' एवढ्याने काहीच कळत नाही. नटाने काय केलं ते लिहा: संवादाआधी घेतलेला श्वास, प्रेक्षकांकडे फिरवलेली पाठ. पाहुण्यांना प्रश्न विचारला असेल तर उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा.

मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे वाक्य तोडा.